रिकामी टाकी रिकामी नसते : वेल्डिंग आणि गॅसचे बाटले वापरताना घ्यावयाची काळजी



उसाची तोड आली की नेमका ट्रॉलीचा हुक तुटतो. वाफसा आला की पेरणीयंत्राचा फण वाकतो. मग मिस्त्रीला निरोप जातो. मिस्त्री टेम्पोत मशीन आणि बाटले टाकून येतो, अर्ध्या तासात जोड मारतो आणि पुढच्या कामाला जातो. पूर्वी अशा कामाला आपण लोहाराच्या दारी जात होतो. आग त्याच्या भट्टीत असायची. आता भट्टीच आपल्या अंगणात येते. जवळ कडब्याची गंजी असते, गोठा असतो, डिझेलचा पिंप असतो आणि गंमत पाहायला जमलेली पोरंबाळंही असतात.

मिस्त्री त्याच्या कामात तरबेज असेल, पण टाकीत काल काय भरले होते, हे त्याला ठाऊक नसते. कोणत्या पिंपात कोणते औषध होते, गंजीत किती वाळका चारा आहे, हे तुम्हालाच ठाऊक असते. म्हणून ठिणगी पडण्याआधी "थांबा" म्हणण्याचे काम अंगणाच्या मालकाचे आहे. ते कसे करावे आणि का करावे, हे या पत्रिकेत सांगितले आहे. पत्रिका जपून ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

रिकामी टाकी का फुटते?

समजा, ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीला चीर पडली. बोलणे साधारण असे होते :

"मिस्त्री, टाकी गळतीया. जरा टाका मारा."

"आत डिझेल हाय का, आप्पा?"

"छे, कालच सगळं काढलं. टाकी मोकळी हाय."

"मग आणा की!"

दोघांनाही वाटते की धोका टळला. खरे तर धोका आता सुरू झाला. काठोकाठ डिझेल असते तेव्हा वाफेला जागा नसते. टाकी रिकामी केली की सांध्यांत, कोपऱ्यांत आणि तळाच्या गाळात थोडे तेल राहतेच, आणि उरलेल्या जागेत हवा भरते. तेलाची वाफ आणि हवा यांचे मिश्रण बंद भांड्यात कोंडले की तो एक बाँबच झाला. जाळ लागायचाच काय तो बाकी राहतो.

कुणी म्हणेल, "डिझेल काय पेट्रोलवाणी भडकत नाही." थंड डिझेल चटकन पेटत नाही, हे खरे. पण वेल्डिंगने पत्रा तापून लाल होतो. त्या उष्णतेने चिकटलेल्या डिझेलची वाफ होते आणि त्याच जाळाने ती पेटते. बंद टाकीत पेटलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते. मग टाकीचा तळ किंवा झाकण उडते आणि ते समोर वाकून बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते.

म्हणून पेट्रोल, डिझेल, रॉकेल, ऑइल, थिनर किंवा फवारणीचे औषध भरलेल्या टाकीला वा पिंपाला अंगणात वेल्डिंग करूच नये. पिंप कापून पाण्याची कुंडी करायची असली, तरी गॅस कटर लावू नये. नुसते पाण्याने विसळल्याने भागत नाही. तेल पाण्यात विरघळत नाही, सांध्यात तसेच राहते. औषधाच्या पिंपाला तर दुहेरी धोका असतो. स्फोट झाला नाही तरी तापलेल्या औषधाचा विषारी धूर छातीत जातो. डिझेलची टाकी काढून, अशी टाकी वाफेने धुऊन दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात न्यावी, नाही तर नवी बसवावी. नव्या टाकीचा खर्च झोंबतो खरा, पण डोळे गेले तर ते कुठल्या दुकानात मिळत नाहीत.

गोबरगॅसचा लोखंडी ड्रम

तरंगत्या ड्रमचे गोबरगॅस संयंत्र ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ड्रमला गंज लागून भोक पडते आणि "जाग्यावरच ठिगळ मारू" असा मोह होतो. गोबरगॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले, की तो ठिणगीने स्फोट करतो. भोकातून गॅस बाहेर आणि हवा आत अशी ये-जा चालू असते. शिवाय खालच्या शेणातून नवा गॅस सारखा निघतच राहतो. म्हणून ड्रम संयंत्रावर असताना त्याला कधीही वेल्डिंग करू नये.

आधी गॅसची तोटी मोकळ्या हवेत उघडून ड्रम खाली बसू द्यावा. त्या वेळी जवळपास चूल, विडी, दिवा काहीही नको. मग ड्रम उचलून संयंत्रापासून लांब न्यावा, तोंड आभाळाकडे करून ठेवावा, आतला शेणाचा थर खरवडून धुवावा आणि चांगला वारा लागू द्यावा. त्यानंतरच मिस्त्रीला बोलवावे. ड्रम काढल्यावर उघड्या पडलेल्या खड्ड्यात कुणीही उतरू नये. तिथल्या वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही.

चाकाची रिम

ट्रॉलीची वा टायरच्या बैलगाडीची रिम चिरली, की टायर न काढताच टाका मारला जातो. हवा सोडली म्हणजे झाले, असे वाटते. पण रिम तापली की आतले रबर जळू लागते आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. तो टायरमध्ये कोंडतो आणि टायर फुटतो. कधी वेल्डिंग चालू असताना फुटतो, तर कधी काम संपल्यावर काही वेळाने. तेव्हा टायर आणि ट्यूब रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय रिमला जाळ दाखवू नये.

बाटल्यांची ओळख

गॅस वेल्डिंगला दोन बाटले लागतात. आपल्या देशात ऑक्सिजनचा बाटला काळ्या रंगाचा आणि ॲसिटिलीनचा तपकिरी-तांबडा म्हणजे मरून असतो. कापायच्या कामाला बरेच मिस्त्री ॲसिटिलीनऐवजी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस वापरतात. घरगुती तांबडा बाटला या कामाला लावणे कायद्यानेही चालत नाही.

ऑक्सिजन : मोटारसायकलच्या चाकात आपण पंचवीस-तीस पौंड हवा भरतो. ऑक्सिजनच्या भरलेल्या बाटल्यात दोन हजार पौंडांहून जास्त दाब असतो. सुमारे ४७ लिटरच्या मोठ्या बाटल्यात ७,००० लिटर वायू दाबून बसवलेला असतो. बाटला आडवा पडून वरचा व्हॉल्व्ह मोडला, तर साठ-सत्तर किलोचे ते लोखंड बाणासारखे सुटते आणि वाटेतली भिंतही फोडते. म्हणून बाटला नेहमी उभा आणि साखळीने वा दोराने बांधलेला असावा.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दुसऱ्या वस्तूला जाळतो. जास्त दाबाच्या ऑक्सिजनशी तेल वा ग्रीस भेटले, तर ठिणगी नसतानाही भडका उडू शकतो. आपल्याकडे हात ग्रीसचे असणे नेहमीचेच. तशा हाताने किंवा तेलकट फडक्याने ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला व रेग्युलेटरला शिवू नये. व्हॉल्व्ह घट्ट आहे म्हणून त्यात तेलाचा थेंब सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. ऑक्सिजनने टायरमध्ये हवा भरणे, ठिबकच्या नळ्या साफ करणे, इंजिन चालू करणे, अंगावरची धूळ उडवणे, हे प्रकार कुणी करत असेल तर तिथेच थांबवावे. कपड्यात ऑक्सिजन मुरला की एका ठिणगीने अंगावरचा कपडा कापरासारखा पेटतो.

ॲसिटिलीन : हा वायू फार नाजूक असतो. मोकळा असताना त्याचा दाब पंधरा पौंडांवर गेला, तर हवेची गरज न लागता तो आपोआप फुटू शकतो. मग तो बाटल्यात कसा भरतात? बाटल्याच्या आत स्पंजासारखा सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन नावाचे द्रव मुरवलेले असते आणि त्या द्रवात हा वायू विरघळवून ठेवतात. म्हणूनच हा बाटला आडवा टाकून वापरायचा नसतो. आडव्या बाटल्यातून वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते. वाटेत आडवा आणला असेल, तर उभा करून काही तास थांबावे. या वायूच्या जोडणीला तांब्याची नळी कधीही लावू नये. तांब्याशी संयोग होऊन स्फोटक पदार्थ तयार होतो.

हा सच्छिद्र भराव सुधारणाऱ्यांत स्वीडन देशाचे गुस्ताफ डालेन यांचे नाव मोठे आहे. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या बाटल्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. या वायूची नाडी ओळखणाऱ्या माणसाची ही गत झाली. मग आपण तर अधिकच जपायला हवे.

काही मिस्त्री अजून कार्बाईड आणि पाण्यावर चालणारी टाकी आणतात. कार्बाईडला पाणी लागले की ॲसिटिलीन निघतो. कार्बाईडचा डबा कोरड्या जागी, झाकण घट्ट लावून ठेवावा. तो हातोडी-छिन्नीने उघडू नये. पावसात वा ओल्या जमिनीवर ठेवू नये. टाकीतला चुनकट गाळ चुलीजवळ ओतू नये, कारण त्यातूनही थोडा गॅस निघत असतो.

बाटले आणताना, ठेवताना, जोडताना

१. बाटला गाडीतून जमिनीवर टाकू नये, घरंगळत नेऊ नये. वाहतुकीत रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर टोपी बसवावी. माणसे बसलेल्या ट्रॉलीत किंवा बंद गाडीत बाटला घालू नये.

२. बाटला घरात, गोठ्यात, चुलीजवळ किंवा भर उन्हात ठेवू नये. ऑक्सिजन आणि पेटणाऱ्या गॅसचे जादा बाटले एकमेकांपासून वीस फूट अंतरावर ठेवावेत.

३. स्वयंपाकाच्या जातीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर तो खड्ड्यात, पायरीखाली, विहिरीत जाऊन साचतो. म्हणून असा बाटला विहिरीत वा तळघरात उतरवू नये.

४. ऑक्सिजनची नळी बहुधा निळी आणि पेटणाऱ्या गॅसची तांबडी असते. नळ्यांची अदलाबदल करू नये. चिरलेल्या नळीला चिकटपट्टी वा सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळून काम भागवू नये. नळी नवी घ्यावी.

५. गळती काडी पेटवून पाहू नये. कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी जोडावर लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. कार्बाईडपासून बनवलेल्या ॲसिटिलीनला लसणासारखा वास येतो. ऑक्सिजनला मात्र वास नसतो.

६. व्हॉल्व्ह हळू उघडावा आणि उघडताना रेग्युलेटरच्या घड्याळासमोर उभे राहू नये, बाजूला राहावे. ॲसिटिलीनचा व्हॉल्व्ह एका आट्यापेक्षा जास्त उघडू नये आणि चावी त्यावरच ठेवावी. वेळ आली तर चटकन बंद करता येते.

७. कधी कधी टॉर्चमध्ये "फट्" आवाज होऊन जाळ उलटा नळीत शिरतो. तो बाटल्यापर्यंत जाऊ नये म्हणून जाळ अडवणारा छोटा पितळी भाग मिळतो. त्याला फ्लॅशबॅक अरेस्टर म्हणतात. मिस्त्रीकडे तो दोन्ही बाटल्यांना आहे का, हे जरूर विचारावे. जाळ उलटला तर आधी टॉर्चवरचा ऑक्सिजन, लगेच गॅस आणि मग दोन्ही बाटले बंद करावेत.

८. ऑक्सिजनच्या बाटल्याची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबावर चाचणी व्हावी लागते. तिची तारीख बाटल्याच्या मानेवर ठोकलेली असते. एका बाटल्यातून दुसऱ्यात गॅस भरणे, रंग बदलणे हे गुन्हे आहेत. याचे नियम 'गॅस सिलिंडर नियम, २०१६' मध्ये असून त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे. परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच बाटला घ्यावा.

विजेचे वेल्डिंग

विजेच्या मशीनच्या रॉडला काम थांबलेले असताना साधारण पन्नास ते ऐंशी व्होल्ट वीज असते. घरातल्या विजेपेक्षा ही कमी, म्हणून मिस्त्री बेफिकीर असतात. पण घामाने भिजलेल्या अंगाला, ओल्या बनियनला आणि चिखलातल्या अनवाणी पायाला एवढी वीजही जीवघेणी ठरते. आणि मशीनला येणारी वीज तर पूर्ण दाबाचीच असते.

म्हणून पावसात, पाण्याच्या पाटात वा ओल्या जमिनीवर काम करू नये. कोरडी फळी टाकून, रबरी तळाचे बूट आणि कोरडे चामडी हातमोजे घालून काम करावे. रॉडचा चिमटा काखेत धरू नये. तारेवर आकडा टाकून मशीन चालवू नये. आकड्याला ना फ्यूज, ना बंद करायला बटण. शॉक लागलेला माणूस तसाच चिकटून राहतो. अर्थची क्लिप जिथे जोड मारायचा त्याच लोखंडाला, जवळच लावावी. गोठ्याच्या खांबाला किंवा विहिरीच्या पाइपला लावू नये. माणसाला न जाणवणारा प्रवाहही गुरांना बाधतो. काम सुरू होण्यापूर्वी जनावरे सोडून दुसरीकडे बांधावीत. ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचे तर आधी बॅटरीच्या वायरी काढाव्यात, त्यातही उणे बाजूची वायर आधी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो.

डोळे आणि धूर

वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले, तर त्या वेळी काही वाटत नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते, उजेड सोसत नाही. त्या किरणांनी बुबुळाची वरची त्वचा भाजलेली असते. त्यात आईचे दूध, मध, बटाट्याचा रस असे काही घालू नये. मेडिकलमधून भूल देणारे थेंबही आणून घालू नयेत. डोळे चोळू नयेत, थंड पाण्याची स्वच्छ घडी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. साधा काळा चष्मा उपयोगाचा नाही. विजेच्या वेल्डिंगला दहा किंवा अकरा नंबरची काच लागते. ट्रॉली धरून उभ्या राहणाऱ्या माणसालाही ती लागते, बरं का! पोरांना लांब पाठवावे आणि मध्ये पत्र्याचा आडोसा करावा.

जी.आय. पाइपला जोड मारताना पांढरा धूर निघतो. तो जस्ताचा असतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि माणसाला हिवताप वाटतो. दूध पिऊन हा धूर बाधत नाही, हा समज चुकीचा आहे. मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ किंवा कूस करून बसावे आणि जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढावा.

ठिणगी कुठवर जाते?

वितळलेल्या लोखंडाचे थेंब तीस-पस्तीस फुटांवर जाऊन पडतात आणि पाचटात किंवा भुशात धुमसत राहतात. काम दुपारी संपते, मिस्त्री निघून जातो आणि गंजी संध्याकाळी पेटते. म्हणून काम खळ्यापासून, गंजीपासून आणि उभ्या वाळल्या पिकापासून लांब करावे. जमिनीवर पाणी मारून घ्यावे, पण बसायची जागा कोरडी ठेवावी. पाण्याचा पिंप, ओली गोणपाटे आणि वाळूच्या बादल्या जवळ असाव्यात. काम संपल्यावर निदान तासभर एका माणसाने तिथे लक्ष ठेवावे. अंगात सुती कपडे असावेत. टेरिकॉट-नायलॉन वितळून कातडीला चिकटते. धोतराचा सोगा, पदर, उपरणे खोचून घ्यावे. खिशात लायटर ठेवू नये.

अपघात झालाच तर

शॉक लागल्यास आधी वीज बंद करावी. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारावी. माणसाला हाताने ओढू नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबत राहावे आणि दुसऱ्या कुणी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

भाजल्यास वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. डोळ्यात लोखंडाचा कण रुतल्यास तो काढायला जाऊ नये. डोळा झाकून दवाखान्यात न्यावे.

ॲसिटिलीनचा बाटला बाहेरून आपोआप तापू लागला, तर तो आतून फुटण्याच्या वाटेवर असतो. जमल्यास व्हॉल्व्ह बंद करावा, तो हलवू नये, माणसे-जनावरे लांब न्यावीत आणि १०१ किंवा ११२ ला कळवावे. पाणी मारायचे ते लांबून, भिंतीच्या आडूनच.

काम सुरू होण्यापूर्वी सहा प्रश्न

हे सहा प्रश्न मोठ्याने विचारावेत आणि उत्तर मिळाल्याशिवाय ठिणगी पडू देऊ नये :

१. ज्याला जोड मारायचा ते भांडे बंद आहे का? त्यात पूर्वी काय होते?

२. बाटले उभे आणि बांधलेले आहेत का?

३. नळ्या, जोड, जाळ अडवणारा भाग तपासला का?

४. जागा कोरडी आहे का? वीज पटकन कुठे बंद करायची, हे सर्वांना माहीत आहे का?

५. गंजी, गुरे, पोरे लांब आहेत का?

६. पाणी-वाळू जवळ आहे का आणि मागाहून लक्ष कोण ठेवणार?

हे सगळे विचारायला पाच मिनिटे लागतात. मिस्त्री कदाचित हसेल, म्हणेल, "आप्पा, वीस वर्सं हेच करतोय की!" त्याला चहा द्या, पण प्रश्न सोडू नका. तोडीची तारीख एक दिवस पुढे गेली तर ऊस शेतातच उभा राहतो. घरचा कर्ता माणूस मात्र एकदा गेला की गेला. मिस्त्रीही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतोच, नाही का?

तेव्हा मंडळी, एवढे एकच वाक्य टाकीवर खडूने लिहून ठेवा : रिकामी टाकी रिकामी नसते. रामराम.